शंभर टक्के निकाल

४ जुलै २००७
शाळेला यंदा पंचाहत्तर वर्षं. स्मरणिका निघणार. हेडसर म्हणाले, "इंग्रजांच्या काळात शाळा कशी चालायची, काय शिकवायचे, पैसा कुठून यायचा, ते तुम्ही लिहा. इतिहास तुमचाच." दोन पानं. त्यात संस्थापकांचा, अध्यक्षांच्या आजोबांचा मोठा फोटो. म्हणजे दीडच पान. मी लातूरकडची, इथलं मला काय माहीत? जुना विद्यार्थी गाठायला हवा.

१५ जुलै
भरे गावात जाऊन आले. गेनूबाबा, ऐंशीच्या पुढचे. ऐकू कमी येतं, आठवण लख्ख. ओट्यावर बसवून चहा दिला नि सुरूच झाले.
"आमाला विलायतेचे राजे पाठ करायला लावायचे, बाई. नद्या तितल्याच. मुळा हितं दारात, तिचं नाव न्हाई पुस्तकात." फी भरायला बाप भात विकायचा. बाकी शाळा चालायची सरकारी ग्रँटवर. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा, त्याने शेरा चांगला दिला तर ग्रँट.
"सायेब यायच्या दिवशी मास्तर म्हनले, गेन्या, तू आज गुरं घिऊन डोंगराला जा. माझं इंग्रजी कच्चं ना. आमी चौघंजन व्हतो तसले. सायेबाला आमी दिसलोच न्हाई."
मग?
"मग काय. दुसऱ्या दिसापासनं मीच गेलो न्हाई."
हसले. मला नाही हसू आलं.

३१ जुलै
लेख दिला. गेनूबाबांचा परिच्छेद मधोमध. हेडसरांनी वाचला, चष्मा काढला, पुसला. "छान आहे. बघू."

९ ऑगस्ट
डोकं फिरलंय. दहावी ब मध्ये संगीता दिसेना. वरच्या वाडीची, दीड तास चालत येते. नववी पास झालेली, गणित कच्चं, बाकी बरी. माझ्या तासाला पहिल्या बाकावर. क्लार्कला विचारलं. "तिचा दाखला काढला ना मॅडम. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवणार." असे एकूण सहा जण. सगळे वाड्यांवरचे. बाहेरून बसले की नापास झाले तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत.
हेडसरांकडे गेले. ते शांत. "पंचाहत्तरावं वर्ष आहे, मॅडम. अध्यक्षांना शंभर टक्के हवाय. निकालावर देणगी येते, इमारत उभी राहते. भावनेने शाळा चालत नाही."
गेनूबाबा आठवले. म्हणजे तेच. गुरं तेवढी नाहीत.

१२ ऑगस्ट
वाडीवर गेले. चिखल, दोनदा पडले. संगीताचे वडील मारुती भातात होते, बांधावर आले. सही का केली, विचारलं.
"शाळेनंच सांगितलं, पोरीच्या भल्याचं हाय. न्हाईतर नापास हुईल म्हनले. आमाला काय कळतंय, बाई?"
संगीता दारात उभी. म्हणाली, "बाई, मी काय केलं?"
काही नाही गं. काहीच नाही केलंस.
गणिताला रविवारी माझ्याकडे ये म्हटलं. मी राहते त्या पिरंगुटपर्यंत यायला जीप मिळते. भाडं मी देईन म्हटलं तर मारुती तोंड फिरवून म्हणाला, "तेवडं हाय आमच्याकडं." चूक झाली माझी बोलण्यात.

२० ऑगस्ट
घरी नवरा, सुधीर, म्हणतो, "कशाला नाक खुपसतेस? नोकरी अजून पक्की नाही तुझी." हिंजवडीच्या एसीत बसून सल्ले. दोन वेळा भांडलो. जेवले नाही.

२ डिसें.
स्मरणिका छापून आली. लेखावर माझं नाव. गेनूबाबा गायब. त्या जागी "संस्थापकांनी स्वतःच्या खिशातून शाळा चालवली" हे वाक्य. मी लिहिलेलं नाही. फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही, गेनूबाबांना काय दाखवू?

९ डिसें.
समारंभ झाला. आभार माझ्याकडे होते. आभार मानता मानता म्हटलं, आपले सर्वांत जुने विद्यार्थी समोर बसलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. हेडसर खुर्चीतून अर्धे उठले. तोवर पोरांनी गेनूबाबांना धरून वर आणलं होतं.
त्यांनी माइक घट्ट पकडला. सगळं सांगितलं. मास्तर, साहेब, डोंगर. "ग्रँट आली, मी गेलो."
आणि मांडव हसला! सगळेच्या सगळे. टाळ्या. अध्यक्षही हसले, शाल घातली, नारळ दिला. "काय विनोदी बोलता हो बाबा!" गेनूबाबा गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी माइक घेऊन सांगायला हवं होतं की हा विनोद नाही, मागे बघा, ती सहा पोरं आजही मांडवाबाहेर उभी आहेत. तोवर राष्ट्रगीत सुरू झालं.
 

११ डिसें.
खुलासा मागितलाय. "कार्यक्रमपत्रिकेबाहेरील वक्ता का बोलावला?" एका ओळीत लिहिलं: ते आपले विद्यार्थी आहेत.

मार्च २००८, गणिताचा पेपर
संगीता पेपरनंतर पौडला परीक्षा केंद्राबाहेर भेटली. भूमिती बरी गेली म्हणते. "बाकीच्यांना सर पेन वाटत व्हते, गेटावर. आमाला न्हाई दिलं." पेन माझ्याकडे होतं पर्समध्ये. दिलं. आता काय उपयोग?

२८ जून
नाक्यावर फ्लेक्स. शंभर टक्के निकाल! अध्यक्षांचा फोटो, हेडसरांचा फोटो. पेढे स्टाफरूममध्ये, मी घेतला नाही. संगीता गणितात गेली. बाकी सगळ्यात पास, इतिहासात सगळ्यात जास्त. ऑक्टोबरला बसणार का विचारायला फोन केला, तर शेजाऱ्याने उचलला. ती कासार आंबोलीला बंगल्यावर कामाला लागली म्हणे.

२ जुलै
हेडसरांनी बोलावलं. गोड आवाज. "रागावू नका मॅडम. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून यंदा दहावी बच्या वर्गशिक्षिका तुम्ही. नोकरी कायम करायचा ठरावही या महिन्यात घेऊ." खूश होऊन उठले, तर दारात असताना म्हणाले, "आणि वर्गात कच्चे कोण, ती नावं तेवढी सोमवारपर्यंत द्या."
मी "बरं" म्हटलं.
बरं का म्हटलं मी?