पाच नंबरची खाट

आसेगाव, ३ नोव्हेंबर २०२४

चि. रूपास, बाबांचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून पत्र. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख घे. तुझ्याच वॉर्डात, आणि तुझी आई होती तीच पाच नंबरची खाट हवी. सतरा दिवस तुझ्या टेबलाजवळ होती, लेक समोर दिसते म्हणून खूश होती. ती गेल्यापासून तू घरी फिरकली नाहीस. नर्सबाईंना सुट्टी नसते, की बाप आवडत नाही?

माया कमी करू नये.
पंजाबराव

वाशीम, ८ नोव्हेंबर

ती. बाबांस, सविनय जय भीम. वि. वि.

ती खाट मागू नका. आईच्या जखमेत जो जंतू शिरला, त्याच्यावर आमचं एकही औषध चाललं नाही. तोच आता त्या खाटेशेजारच्या बेसिनच्या सांडपाण्याच्या नळीत सापडला आहे. पाणी सोडलं की तिथले शिंतोडे हातावर उडतात. ती खाट मीच मागून घेतली होती, बाबा. दर वेळी त्याच बेसिनवर हात धुऊन मी तिची जखम पुसायची. ती हसून म्हणायची, "किती येळा हात धुते वं पोरी!" तेच ऐकू येत राहतं. घरी येऊन तुम्हाला शिवायची भीती वाटते.

डॉक्टर म्हणाले, बेसिन पुढच्या महिन्यात बदलू, बाहेर बोलू नका.

राग धरू नये.
रूपा

आसेगाव, १३ नोव्हेंबर

चि. रूपास, आशीर्वाद.

दोष तुझा नाही असं लिहिलं तरी तुला पटणार नाही. मी तीस वर्षं गावाला पाणी सोडलं. एकदा टाकीत मेलेलं मांजर निघालं. सरपंच म्हणाले, लग्नघर आहे, सोडा पाणी. मी कॉक उघडला नाही, शिव्या खाल्ल्या. आईसाठी रडणं पुढे होईल. त्या खाटेवर आज कोण आहे?

तुझाच,
बाबा

वाशीम, १८ नोव्हेंबर

ती. बाबांस, जय भीम.

तुमचं पत्र उभ्यानंच वाचलं. खाटेवर रिसोडच्या हुस्नाबानो आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. मी खाट ढकलत दुसऱ्या खोलीत नेली, बेसिनचा नळ बंद केला आणि त्यांची मुलगी यास्मीन हिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी आईचं नाव सांगितलं, ती याच खाटेवर होती म्हणून. डॉक्टरांनी मला उद्यापासून येऊ नका म्हटलं आहे. रविवारी घरी येते.

आजींना कालपासून ताप आहे.

तुमची
रूपा