स्लॅबवरचं पाणी

बोईसर, शनिवार, १९६७

सुटलो! मी बांधलेल्या क्वार्टर्सच्या स्लॅबवर इंजिनिअरसाहेबांनी गळतं का पाहायला मातीचे बांध घालून पाणी कोंडलं होतं. आज खालून पाहिलं, छत कोरडं ठणठणीत.

आठवडाभर जीव टांगणीला. गळलं असतं तर? साहेबांनी नुसतं पत्र लिहायचं, की बँक माझ्या कामासाठी दिलेल्या हमीचे पैसे त्यांना देऊन मोकळी. चूक कोणाची, विचारणारसुद्धा नाही. मग वसुलीला माझी माकुणसारची वाडी, तीच बँकेकडे तारण ठेवलेली. सही करताना हे का नाही सुचलं मला?

साहेबांनी हमीचा कागद परत दिला. सोमवारी बँकेत दिला, की वाडी सुटली.

घरी जेवतानाही नजर वरच. बायको म्हणाली, "आपलं घर कौलांचं हाय, ते गळणारच. आता तरी खाली बघून जेवा."