बाबांचे कान

मंगळवार, संध्याकाळ

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले. आज त्यांचे फॅक्टरीतले सोबती शुक्लाजी भेटायला आले आणि चहा पिता पिता हसून म्हणाले, "बिटिया, कान तो उनके लड़ाई में ही चले गए थे. फ़ैक्टरी के मेडिकल में डॉक्टर पीछे से नंबर बोलता, मैं सामने से उँगलियाँ दिखाता."

दुसऱ्या महायुद्धात बाबा तोफखान्यात होते, एवढंच आम्हाला माहीत. बहिरेपण उघड झालं असतं तर फॅक्टरीतली नोकरी गेली असती. घरात आम्ही चार भावंडं.

शुक्लाजी गेल्यावर आईला विचारलं. म्हणाली, "मला ठाऊक होतं. ते ओठ पाहून समजत. मी त्यांच्या पाठीमागून कधीच काहून बोलली नाही मग?"

मी बोलले होते. बी.ए. झाल्यावर. ते पाठमोरे बसून बुटांना पॉलिश करत होते. "बाबा, एम.ए.ला नागपूरला जाऊ?" ब्रश थांबला नाही. मी तो नकार समजले. पुन्हा विचारलं नाही आणि पुढे तीस वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

ऐकू आलं असतं तर हो म्हणाले असते? कोण जाणे. पण समोर जाऊन विचारायला काय झालं होतं मला? पाठमोरे होते ते. इतकी साधी गोष्ट.

तेराव्याला दादा युद्धातल्या शौर्याबद्दल बोलणार आहे. बोलू दे. मी कानांचं सांगणार. आता त्यांना नोकरीवरून कोणी काढणार नाही.