आगोटीच्या फळीवरचा डबा

आये,

काल दुपारी जेवल्यावर जरा डोळा लागला आणि तू आलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वप्नात तुझ्या लुगड्याला सुक्या बोंबलांचा वास येतोच. ओटीवर पाय पसरून बसलीस, मांडीवर तोच बिस्किटांचा चौकोनी डबा, आणि म्हणालीस, "पोरीला ताप हाय नं? दे यातली एक." मी हात पुढे केला आणि जागी झाले. पोरगी म्हणजे माझी नात, तुझी पणती. ताप तिला खरंच होता.

पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून तू उन्हाळ्यातच आगोट भरून ठेवायचीस. बोंबील, सुकट, मिरच्या, तांदूळ, आणि त्याच फळीवर कॅप्सूलचा हा डबा. डॉक्टरांनी औषध कितीही दिवसांचं दिलेलं असो, ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल डब्यात जायच्या. "बरा झाला नं पोर? मंग कशाला खायाच्या? पावसाल्यात लागतील." सुकट टिकते तशी गोळीही टिकते, एवढं सरळ होतं तुझं. माझ्या धाकट्या भावाचा कान वाहू लागला की डबा उघडायचा, कान थांबला की बंद व्हायचा. काही पावसाळे गोळी लागू पडली, मग पडेनाशी झाली. त्याला अजून डाव्या बाजूने हाक मारली तर तो वळत नाही. तुझ्यावर राग नाही माझा. आळीतल्या प्रत्येक घरात असाच डबा होता.

पालघरच्या लॅबमध्ये मी काय करते, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. बोईसरच्या बाजारात मासळी विकताना तू "माजी पोर रगत बगते" म्हणून मिरवायचीस, आणि मला लाज वाटायची. खरं तर मी जंतू वाढवते. लालसर थाळीवर ते साईसारखे पसरतात, त्यावर औषधाच्या बारीक टिकल्या ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बघते. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडतं. जंतू निर्ढावलेला असला तर तो टिकलीला चिकटून खुशाल वाढतो. अशा थाळ्या हातात आल्या की मला आपली फळी दिसते. अर्धवट औषधातून जे वाचले, त्यांचीच ही पिलावळ.

आता तान्ह्या बाळांना न्यूमोनियाची लस देतात, आये. हे जंतू पोरांच्या नाकात गुपचूप राहतात, एकाच जातीचे पण निरनिराळी आवरणं पांघरलेले. लस त्यातली काही आवरणं ओळखते, आणि औषधाला न जुमानणारे पुष्कळ जण नेमके त्यांतच होते. त्यांना पोरांच्या नाकात पूर्वीसारखा थारा मिळेना, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंतही ते कमी पोचू लागले. आजारपण कमी, म्हणून औषध कमी, म्हणून निर्ढावायला सवडही कमी. हे समजलं तेव्हा मला हसूच आलं. एवढीशी सुई बाळाच्या मांडीला, आणि आराम आजीच्या छातीला.

पण रिकामी जागा रिकामी राहत नाही. तू गेलीस आणि महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी बाजारात गेले, तर तुझ्या जागेवर पाम गावची एक बाई पाटी मांडून बसलेली. मी तिच्याकडून मासळी घेतली नाही, तशीच रडत घरी आले. नाकातही तसंच होतं. जुने उठले की दुसऱ्या आवरणाचे येऊन बसतात. बरेचसे गरीब असतात, पण औषधं उधळत राहिलो तर तेही निर्ढावतील. मग नव्या लशीत त्यांचीही ओळख घालावी लागते. त्या बाईकडून मी आता नेहमी घेते. हात तुझ्यासारखाच सढळ आहे तिचा.

तर नातीचा ताप. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, लशी सगळ्या झाल्यात, साधा विषाणूचा ताप दिसतो, अँटिबायोटिक नको, दोन दिवस वाट बघा. श्वास जोरात चालला, दूध सोडलं तर लगेच आणा. सगळं मला पटलं. तरी काल संध्याकाळी तिचं अंग इतकं तापलं की मी चप्पल घालून बोईसरच्या मेडिकलमध्ये गेले आणि चिठ्ठीशिवायच अँटिबायोटिकची बाटली मागितली. दुकानातला पोरगा म्हणाला, "ले जाओ मौसी, सब लोग ले जाते हैं." घरी आले तर सून दारातच उभी.

"आई, ह्या काय आणलाव? डॉक्टर नको बोललं नं?"

"असू दे घरात."

"तुमीच सगल्या आळीला शिकवता, आन् आता तुमीच?"

मला त्या वेळी थाळी आठवली नाही, रिंगण आठवलं नाही, फक्त धाकट्याचा कान आठवला. सुनेने नातीला माझ्या मांडीवर दिलं आणि कपाळावर ओली घडी ठेवली. आम्ही दोघी तिचा श्वास बघत बसलो. आज सकाळी तिला घाम आला, ताप उतरला, आणि तिने माझा चष्मा ओढून फेकला.

हे पत्र टाकायला तुझ्या गावची पेटी नाही, म्हणून घडी करून फळीवरच ठेवते. तिथे बोंबलांच्या डब्यामागे ती औषधाची बाटलीही आहे. सुनेला सांगितलंय की परत केली. आत नुसती पावडर आहे, पाणी घातलेलं नाही. कोरडी आहे, आये. पावसाळ्यापर्यंत टिकेल.