फिरता कोंडवाडा

४ मे
रोजनिशी आजपासून. एकोणतीस वर्षं ऑफिसच्या स्टोअरमध्ये काढली, तिथे टाचणीचीसुद्धा नोंद असायची. इथे दादाकडे एक्केचाळीस गुरं आणि नोंद कशाचीच नाही, सगळं दादाच्या डोक्यात. रिटायर होऊन इथे राहायला आलो त्याला तीन महिने झाले. या घराला कुणीतरी शिस्त लावायला हवी.

आज गुरांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. नदीपलीकडे घटसर्प आलाय म्हणाल्या. गळा सुजतो, जनावर एक-दोन दिवसांत जातं. लस लगेच टोचायला हवी, कारण ती अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. दादा म्हणाला, उद्यापासून रोज दहा करू, दावं लावून. म्हणजे चार दिवस नुसतं गायींच्या मागे! मी म्हटलं, दहा दिवस द्या, पोर्टेबल कोरल मागवतो. सुट्या लोखंडी चौकटी, एकमेकींत अडकवल्या की कुंपण तयार. त्यातून निघणारा एक बोळ. गाय एका टोकाने आत, सुई, दुसऱ्या टोकाने बाहेर. दोन तासांत खेळ खलास. डॉक्टरबाईंनी पंधरा तारीख दिली आणि त्यापुढे एक दिवसही ढकलू नका म्हणाल्या. दादा काही बोलला नाही. मौनं संमतिलक्षणम्.

५ मे
कॅटलॉग वाचून काढला. दोन प्रकार आहेत, जड आणि हलका. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलंय: जडच घ्या, साडेपाच फूट उंच, सहा आडव्या पट्ट्या. पण हलकी चौकट एका हाताने उचलता येते. पोर्टेबल म्हणायचं आणि उचलायला चार माणसं लावायची, हे कुठलं शहाणपण? हलका घेतला. फोटोत आत मेंढ्या होत्या, पण मेंढी काय आणि गाय काय, पाय चारच.

११ मे
माल आला. चोवीस चौकटी, दोन फाटकं. जोडायच्या खिट्ट्या चार कमी निघाल्या. तिथे तार गुंडाळली, बघणाऱ्याला कळणारही नाही. दादाने एक चौकट हाताने दाबून पाहिली. ती हलली. मी त्याला समजावलं की लवचीक वस्तू मोडत नाही. दादा म्हणाला, कोंडवाडा झकास दिसतो. कोंडवाडा नाही, कोरल म्हणायचं, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

१२ मे
आज उभारणी. बोळाची रुंदी डॉक्टरबाईंच्या कागदावर सव्वादोन फूट आहे. गायीला वळता येऊ नये म्हणून म्हणे. मी चार फूट ठेवली. अंगाला अंग घासलं की माणूससुद्धा चिडतो, हे मला ऑफिसच्या व्हरांड्याने शिकवलंय.

कागदावर आणखी एक: दोन्ही फाटकं आठवडाभर उघडी ठेवा, आत पेंड टाका, गुरांना येऊ-जाऊ द्या, म्हणजे भीती मोडते. आठवडा आता आहे कुठे? शिवाय उद्घाटनाआधीच आत शेणाचा सडा नको. फाटकं बंद.

१३ मे
संध्याकाळी दादाने गुपचूप फाटक उघडून आत पेंड ठेवली होती. सहा-सात गायी आत उभ्या राहून खात होत्या. हाकलल्या. शेण धुतलं, कुलूप लावलं. दादाशी बोलणार नव्हतो, पण तोच आधी बोलायचा थांबला.

१४ मे
चुन्याने जागा आखल्या. डॉक्टरबाईंची बोळाच्या तोंडाशी. दादाची मागच्या फाटकाशी. माझी ड्रमवर, म्हणजे सगळं नीट दिसेल. शिट्टी आणली. एक शिट्टी म्हणजे सोडा, दोन म्हणजे थांबा. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, हे गायींना सांगितलंत का? वहिनींचा स्वभाव थट्टेखोर आहे. घोडामैदान जवळच आहे.

१५ मे, सकाळी ६.१०
हवा स्वच्छ. डॉक्टरबाई वेळेवर. मी ड्रमवर.

७.२५
एकही गाय आत नाही. उगवतीचं ऊन चौकटींवर पडतं आणि जमिनीवर सावल्यांचे पट्टे उमटतात, त्यांना बिचकतात म्हणे. दादाचं म्हणणं, म्हातारी गाय पुढे घालू, बाकीच्या तिच्या मागे येतील. माझ्या प्लॅनमध्ये लहान ते मोठी असा क्रम आहे.

८.०५
म्हातारी पुढे घातली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आत! फाटक बंद. प्लॅन यशस्वी.

८.३०
नऊ झाल्या.

१६ मे, हॉस्पिटल
काल नंतर लिहिता आलं नाही. जे झालं ते क्रमाने नोंदवतो.

दहावी गाय बोळात मधेच उलटी फिरली. मागची तिच्या समोर आली. मी दोन शिट्ट्या दिल्या. त्यावर आतल्या सगळ्याच उधळल्या आणि एका बाजूला दाटल्या. मग कुंपण मोडलं नाही, चालू लागलं. चौकटी जोडलेल्याच होत्या, फक्त जमिनीत काही रोवलेलं नव्हतं. जिथे तार बांधली होती त्या बाजूला दादा धावला आणि त्याने खांदा लावला. तार सुटली. चौकट दादावर पडली आणि गायी चौकटीवरून गेल्या.

चार बरगड्या, कमरेचं हाड. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप.

दादाची जागा मागच्या फाटकाशी होती. चुन्याची रेघ इकडे निघतानाही स्पष्ट दिसत होती. प्रत्येकाने आपापल्या जागी राहायचं ठरवलं असतं तर. असो.

२२ मे
दादाला घरी आणलं. सहा आठवडे पाठीवर. कूस बदलायची तरी वहिनी लागतात. तो माझ्याशी नीट बोलतो, हे मला जास्त जड जातं.

डॉक्टरबाई परत आल्या होत्या. बत्तीस गायी उरल्यात, आता रोज थोड्या थोड्या करून संपवू म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, मी पकडून देते. पण त्यांच्यावर आधीच दादाचा भार आहे, आणखी कशाला? मी जड चौकटी मागवल्यात. या वेळी बोळ तीन फूट ठेवणार. डॉक्टरबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. लोकांना चूक कबूल करणारा माणूस बघायची सवय नसते.

२७ मे
पलीकडच्या, दुसऱ्यांच्या कुरणात दोन जनावरं गेली. चौकटींचा ट्रक निघालाय, असं फोनवर सांगतात.

३० मे
ट्रक वाटेत आहे.

१ जून
पाहणीला गेलो तर एक गाय पाणवठ्याशी आडवी. गळा घागरीएवढा. जीभ बाहेर. अजून धाप लागलेली होती. मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि तिच्याजवळ बसलो. काय करतात अशा वेळी, ते मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाई यायच्या आत ती गेली.

आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की ट्रक आला का.

२ जून
आणखी तीन. दादाला सांगितलं नव्हतं, पण खड्डा खणायचं मशीन त्याच्या खिडकीखालूनच गेलं. एक गोष्ट मात्र लिहून ठेवायला हवी. कोरलमधून गेलेल्या त्या नऊ ठणठणीत आहेत. म्हणजे पद्धत चुकीची नव्हती.

हे वाक्य आत्ता पुन्हा वाचलं. राहू दे.

४ जून
एकूण आठ. सकाळी ट्रक आला. माणूस म्हणाला, सही करा, उतरवून घ्या. कुठे उतरवू विचारत होता. मी म्हटलं, कुठेही.

५ जून
एकूण अकरा. डॉक्टरबाई म्हणाल्या, ताप नसलेल्या एकवीस अजून टोचायच्या आहेत, आजच्या आज सुरू करायला हवं. मी दावं घेऊन गेलो. दादाला हे करताना लहानपणापासून बघतोय, त्यात काय एवढं. मी दिसलो की सगळी गुरं कुरणाच्या दुसऱ्या टोकाला. मी त्या टोकाला गेलो की या टोकाला. दुपारपर्यंत चाललं. एकदा एकीच्या पाठीला हात लागला, बस्स. डॉक्टरबाई गाडीत बसून बघत होत्या.

मग वहिनी पेंडीचा डबा वाजवत आल्या. पदराला पीठ लागलं होतं, पोळ्या लाटता लाटताच उठल्या असणार. गायी चालत त्यांच्याकडे आल्या. त्या एकीशी बोलत होत्या, बोलता बोलता दावं अडकलं. डॉक्टरबाईंनी सुई टोचली. तेवढ्यात मी मदतीला पुढे झालो आणि बाकीच्या पळाल्या. वहिनी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही आत जाऊन बसा. तुम्ही दिसलात की त्या बिचकतात.

६ जून
वहिनी आणि डॉक्टरबाई कुरणात. मी दादाच्या खोलीत. खिडकीचा पडदा ओढून घेतलाय, मला तसं सांगितलंय.

दादाने विचारलं, किती गेल्या. मी म्हटलं, अकरा. कोण कोण, म्हणाला. मी त्याची उशी सारखी केली. मग तो स्वतःच छताकडे बघत एकेक नाव घ्यायला लागला. मोरी आहे? मी म्हटलं, आहे. तांबू? आहे. वाकडशिंगी? आहे. कबरी गाभण होती, ती आहे? आहे. कबरी म्हणजे कुठली, मला माहीत नव्हतं. आजारी माणसाला नाही कसं म्हणणार? प्रत्येक नावाला त्याचा चेहरा थोडा सैल होत होता, आणि मी आहे, आहे म्हणत गेलो. नावं संपली. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, एक्केचाळीस झाल्या रे. मग मेल्या त्या कुणाच्या?

मी पडदा आणखी थोडा ओढला.

तेवढ्यात वहिनी पाणी प्यायला आत आल्या. दादा मला म्हणाला, तू जरा बाहेर जा, मी हिला विचारतो. बाहेर गेलो असतो तर गायी पळाल्या असत्या. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिथून वहिनी सांगत होत्या ते सगळं ऐकू येत होतं.