भाड्याच्या मातीत गुलखैरा

८ ऑक्टो. ९५, नेरूळ
नियम मोडला. भाड्याच्या घरात जमिनीत काही लावायचं नाही, हे लग्नापासून पाळत आले. कुंड्या टेम्पोत चढवता येतात. पण या घरामागची एवढीशी माती रोज खिडकीतून बघायची आणि नुसतं बघायचंच… ताईनं साताऱ्याहून गुलखैऱ्याचं बी दिलेलं. चपटं, बारक्या बटणासारखं. रात्री भिजवलं, सकाळी पेरलं. यांना बोलले नाही.

१७ ऑक्टो.
आले! दोन-दोन पानं, पत्त्यातल्या बदामासारखी. तिथंच उकिडवी बसून राहिले, चहा गार.
यांनी बघितलंच. "जमिनीत?" एवढंच. एप्रिलअखेर अ‍ॅग्रीमेंट संपतं, ते काय मला माहीत नाही? म्हटलं, तोवर फुलून होईल. "बघ बाई," म्हणाले.

५ नोव्हें.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात गुलखैरा पार वरच्या मजल्यापर्यंत. वरची माणसं खिडकीतून हात काढून फुलं तोडतायत आणि मी खालून ओरडतेय, राहू द्या हो, मी अजून बघितली नाहीत! जाग आली तर खाडीकडचं वारं आणि पडदा तोंडावर. उठावंसंच वाटेना. भाजी आणायची राहिली.

२१ डिसें.
सासूबाई गावाहून आल्यात. पानं चुरगळून वास घेतला. "भेंडीच्या जातीचं दिसतंय. काय लागतंय ह्याला?"
"फुलं, आई."
"नुस्ती फुलं? मग एवढं पानी कशाला घालतीस?"
संध्याकाळी बघते तर तांदळाचं धुवण स्वतःच ओततायत. मी बघितलं म्हटल्यावर, "वाया चाललंवतं," म्हणाल्या.

१४ जाने. ९६
पानं तळहाताएवढी, सुरकुतलेली, पहाटे दव धरून ठेवणारी. धुक्यात सोसायटी नाही, रस्ता नाही, फक्त मी आणि ही हिरवी चकती. अशा वेळी वाटतं आपण इथलेच. कायमचे. मग दूधवाला बेल मारतो.
कळीचा पत्ता नाही.

११ फेब्रु.
बूथवरून ताईला फोन. ती शांतपणे, "अगं, तो दुसऱ्या वर्षी फुलतो. बोलले नव्हते का मी?"
नाही गं ताई. नव्हतीस बोलली.
"पहिलं वर्ष नुसती पानं. मूळ धरतो तो."
घरी येऊन यांना सांगितलं. एवढे हसले! "अकरा महिन्यांच्या घरात दोन वर्षांचं झाड. कमाल आहे तुझी." मीपण हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला या झाडाचं फूल बघायचंय. इथं, याच मातीत. बाकी काही नको.

१० मार्च
हे कोपरखैरण्याला घर बघून आले. दुसरा मजला. बंदरावर न्हावा शेव्याला जायला यांच्या कंपनीची बस तिथूनही मिळते म्हणे. "गॅलरी मोठीय. उपटून कुंडीत लाव की."
 मग हेच खुरपं घेऊन बसले, कडेचं एक काढायला. मूळ सरळ खाली, खाली, संपतच नाही. शेवटी कट् झालं. कुंडीत लावलं तरी संध्याकाळपर्यंत मान टाकली. दुसऱ्याला हात लावला नाही त्यांनी.

२ एप्रिल
सामान आवरायला घ्यायला हवं. घेत नाही. हेही विचारत नाहीत. कोपरखैरण्याच्या घराचं नाव घरात कोणी काढत नाही. मी दुपारभर मागच्या पायरीवर. भलते सलते विचार. चार झाडं राहिलीत. मी नसताना फुलली तर ती कुणाची म्हणायची…

१८ एप्रिल
संध्याकाळी घरमालक काका आले, ठाण्याहून. मी आत चहा ठेवला होता. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मुलगा गाडी घेतोय, मागं फरशी घालून जागा करायचीय. घर वेळेत सोडाल ना?
 हे म्हणजे पगारवाढसुद्धा न मागणारा माणूस. म्हणाले, "काका, आणखी एक वर्ष द्या. मागं झाडं आहेत."
"कसली? ती पानं? अहो, नव्या घरी दुसरी लावा."
"सात वर्षांत चार घरं फिरवली हिला. एका जागी काही उगवू दिलं नाही मी. एवढं एकदा होऊ दे."
चहा उतू गेला. गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर जाऊन यांच्या तोंडाकडं बघायचं धाडसच होईना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. काकांनी मागचं दार उघडलं, झाडं बघायला. "रविवारी कळवतो," म्हणाले जाताना.
हे आत आले, गॅस पुसायला लागले. मी चहा पुन्हा ठेवला, दोघांपुरता. रविवारी काका काय सांगतील ते सांगोत.