अळणी शनिवार

३ मार्च १९८६, सोमवार

गाठ आहे! मूत्रपिंडाच्या वर, लिंबाएवढी. तिच्यातून काहीतरी रक्तात सुटतं, म्हणून ह्यांना तो घाम, ती धडधड. हे बाहेर बाकावर होते तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांना विचारलंच, "आणि राग?" बारा वर्षं मी ह्यांनी आपटलेल्या ताटांमागे भिंती पुसत आलेय. ते म्हणाले, "झटका आला की माणूस चिडू शकतो."

चिडू शकतो! मुलुंड येईपर्यंत तेवढंच घोकत होते. म्हणजे हे तसे नाहीत. गाठ आहे.

४ मार्च

आधी पांढरी गोळी, दोन आठवडे. रक्तवाहिन्या सैल व्हायला. धडधडीची गुलाबी त्यानंतर, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच. "उलटं केलंत तर प्रेशर भडकेल, बाई." शिवाय मीठ, पाणी भरपूर, नाहीतर चक्कर येईल म्हणे. नणंद म्हणाली, "प्रेशरवाल्याला मीठ? डॉक्टरला वेड लागलंय का गं, वहिनी?"

७ मार्च

पांढरीने ह्यांना उठताना गरगरतं. "मला मारायला बसलीयेस तू!" आमची लेक क्षमा दप्तर घेऊन शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. दमले मी.

मारुतीला बोलले — गाठीबरोबर राग जाऊ दे, शनिवार अळणी करीन.

८ मार्च, शनिवार

लगेच सुरुवात केली. वेगळं कोण रांधणार, सगळ्यांचंच अळणी केलं. संध्याकाळी हे मोरीत चक्कर येऊन पडले. कपाळाला खोक! पांढरी गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही.

१० मार्च

परत झटका. तोंड पांढरंफटक, गंजी चिंब, आणि ओरडणं. डब्यात पूर्वी धडधडीसाठी आणलेल्या गुलाबी गोळ्या होत्या, दिली एक. वाटलं, धडधड थांबली की ओरडणंही थांबेल.

११ मार्च

हॉस्पिटल. प्रेशर दोनशे चाळीस!! डॉक्टर म्हणाले, "हृदयाला लगाम घातलात, आणि रक्तवाहिन्या तशाच आवळलेल्या." सगळं सांगून टाकलं, अळणीसुद्धा. डॉक्टर रागावले नाहीत. मी ह्यांना मारलंच असतं. झोपेत ह्यांचा चेहरा किती साधा दिसतो.

१२ मार्च

वाचले.

३ एप्रिल

झालं ऑपरेशन! या वेळी गोळ्या नर्सनेच दिल्या, ओळीने — पांढरी, मग गुलाबी. गाठ बाटलीत दाखवली. बारा वर्षांचा राग, एवढासा! जिन्यात बसून रडले, आनंदाने.

नर्सने नाडी मोजायला शिकवली. घरी रोज मोजायची.

१७ एप्रिल

हे घरी आले. प्रेशर एकशे वीस-ऐंशी. क्षमाला म्हणाले, "ये, बस." बसली.

१९ एप्रिल, शनिवार

अळणी, फक्त माझ्यापुरतं. ह्यांची आमटी वेगळी केली, तिच्यात मीठ जरा कमी पडलं. ताट भिंतीवर.

क्षमा न सांगता फडकं घेऊन आली. मी ह्यांचा हात धरून नाडी मोजली. बहात्तर. कपाळावर घामाचा थेंब नाही.